नांगर, सिंह आणि स्मॉल ई : आजोळच्या चहाच्या सेटचं वय

प्रश्न : आईच्या माहेरून आमच्याकडे चांदीचा चहाचा सेट आला आहे. किटली, साखरेचं भांडं आणि दुधाचं भांडं, तिन्ही मिळून साधारण एक किलो. किटलीची मूठ काळ्या लाकडाची आहे. पणजोबा रेल्वेत होते. विलायतेला परत जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाने तो त्यांना दिला, असं आई सांगायची. बुडाशी बारीक छाप आहेत : जहाजाचा नांगर, चालणारा सिंह, इंग्रजी स्मॉल ई, आणि जरा बाजूला 'एच अँड एच'. आजी म्हणायची की नांगर आहे म्हणजे हा बोटीवरचा सेट. भावाने कुठलासा तक्ता पाहून ई म्हणजे 1802 असं काढलं आहे, आणि एच हे त्या साहेब-मडमेचं आद्याक्षर असावं असं त्याचं म्हणणं. सराफांनी मशीनवर टंच काढला तर 92 च्या आसपास लागला. तेव्हा ते म्हणाले, "चोख नाही, मोडीत घाला, मुलाच्या मुंजीला छान ताट-वाटी होईल." भावाच्या मुलाची मुंज वैशाखात आहे. बरोबर सहा चमचे आहेत, त्यांवर 'ई पी एन एस, ए वन' असं आहे. शिवाय एक गुलाबदाणी आहे, तिच्यावर काहीच छाप नाही. ही वस्तू कोणाची, कधीची, आणि मोडावी का? — सांगलीची एक वाचक

सप्रेम नमस्कार,

सर्वांत आधी एक विनंती. हे उत्तर भावाला वाचून दाखवेपर्यंत किटली सराफांकडे पाठवू नका. मुंजीला अजून अवकाश आहे, आणि मूस एकदा तापली की विचार बदलायला जागा उरत नाही.

टंच 92 लागला म्हणून ही चांदी हलकी, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. आपण पूजेची भांडी चोख चांदीची घेतो, त्यामुळे शंभराच्या जवळचा आकडा नसला की फसल्यासारखं वाटतं. पण तुमच्या किटलीवर जो सिंह चालतो आहे, त्याचं म्हणणंच मुळी हे आहे की या धातूत हजारात 925 भाग चांदी आहे. उरलेलं बहुतेक तांबं, आणि ते मुद्दाम घातलेलं असतं. चोख चांदी मऊ असते. उकळत्या चहाची, रोज उचलायची, पातळ पत्र्याची किटली तिच्यात टिकत नाही. इंग्लंडमध्ये हा सिंह 1544 पासून चांदीवर उमटतो आहे. सराफांच्या मशीनने सिंह खरं बोलतोय एवढंच सांगितलं. त्यात दोष शोधायचं कारण नाही.

आता नांगर. आजींना तो बोटीवरचा वाटला यात नवल नाही, पण हा नांगर बर्मिंगहॅम शहराचा आहे, आणि त्या शहराला समुद्र नाही. अठराव्या शतकात तिथल्या कारागिरांना आपली चांदी तपासून घ्यायला दूर चेस्टरला पाठवावी लागायची. मॅथ्यू बोल्टन हा तिथला मोठा कारखानदार. वाटेत भांड्यांना पोचे येतात, चरे पडतात, वेळ जातो, म्हणून तो शेफील्डच्या कारागिरांबरोबर संसदेपर्यंत भांडला. 1773 मध्ये दोन्ही शहरांना स्वतःची तपासणी कचेरी मिळाली. या खटपटीसाठी माणसं लंडनमध्ये 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत जमत असत. त्या पाटीवरचा मुकुट शेफील्डने घेतला आणि नांगर बर्मिंगहॅमने, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, छाप तेच ठरले. शेफील्डचा मुकुट 1974 पर्यंत चालला, मग तिथे गुलाबाचं फूल आलं. बर्मिंगहॅमचा नांगर आजही आहे. तेव्हा नांगर दिसला की बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड दिसलं की लंडन, तीन बुरुजांचा किल्ला आणि जोडीला काटेरी फूल दिसलं की एडिंबरा.

एक खात्री मात्र करून घ्या. अमेरिकेतल्या गोरहॅम या कारखान्याचा छापही सिंह, नांगर आणि एक अक्षर असाच होता. भले भले तिथे चकतात. पण त्यांचं अक्षर कायम जी असतं आणि बहुधा शेजारी 'स्टर्लिंग' असा शब्द असतो. तुमच्याकडे अक्षर ई आहे आणि तो शब्द तुम्ही कुठे लिहिलेला नाही. म्हणजे बर्मिंगहॅमच.

खरी मेख त्या ई मध्ये आहे. भावाने तक्ता पाहिला ही चांगली गोष्ट, आणि त्याने वाचलेलं चुकीचंही नाही : बर्मिंगहॅमच्या तक्त्यात 1802 समोर स्मॉल ई आहेच. पण तो 1904 समोरही आहे. ही अक्षरं दरवर्षी बदलत जातात, वर्णमाला संपली की लिपीचं वळण किंवा चौकट बदलून पुन्हा ए पासून सुरुवात होते. बर्मिंगहॅममध्ये 1798 ला स्मॉल ए आला, तसाच 1900 लाही आला. लंडनच्या तक्त्यात तर स्मॉल ई 1780, 1820, 1900 अशा अनेक ठिकाणी सापडेल. म्हणून शहर पक्कं झाल्याशिवाय तक्ता उघडूच नये, आणि नुसत्या अक्षरावर कधीच थांबू नये. अक्षर, त्याचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार हे तिन्ही जुळलं पाहिजे.

मग 1802 की 1904? याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे, फक्त ते न लिहिलेल्या गोष्टीत आहे. तुम्ही चार छाप सांगितले. राजाचं डोकं सांगितलं नाही. 1784 पासून इंग्लंडमध्ये चांदीच्या भांड्यांवर कर होता, आणि तो भरल्याची खूण म्हणून गादीवरच्या राजाचं किंवा राणीचं डोकं एका बाजूने दिसेल असं ठोकलं जायचं. 1890 मध्ये कर उठला आणि ते डोकंही गेलं. किटली 1802 ची असती तर सिंह-नांगराच्या रांगेत तिसऱ्या जॉर्जचं डोकं असायला हवं होतं. भिंगाने पुन्हा नीट पाहा. ते नसेल, झिजून गेल्याची खूणही नसेल, तर तुमचा सेट 1904 चा. अक्षर तिथे जुलैत बदलायचं, म्हणून काटेकोर बोलायचं तर 1904 चा जुलै ते 1905 चा जून. पणजोबांच्या रेल्वेतल्या नोकरीशी हा काळ जुळतो का, हे तुम्हीच घरच्या कागदांवरून ताडून पाहा.

शंभर वर्षं एकदम कमी झाली म्हणून भावाला वाईट वाटेल. वाटू दे, पण त्याला हे अक्षर मुळात कशासाठी होतं तेही सांगा. लंडनला सोनारांच्या संघाची इमारत आहे, गोल्डस्मिथ्स हॉल. त्या हॉलमध्ये मारलेला छाप तो हॉलमार्क. 1478 मध्ये तिथे वर्षाचं अक्षर सुरू झालं, ते पुढे कुणाला वस्तूचं वय कळावं म्हणून नव्हे. उद्या चांदी हलकी निघाली तर त्या वर्षी तपासणीला कोण बसला होता हे कळावं आणि त्याला जाब विचारता यावा, म्हणून. ते एका माणसाच्या जबाबदारीचं अक्षर आहे. मला या सगळ्या छापांत तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

आता 'एच अँड एच'. ही साहेब-मडमेची आद्याक्षरं नाहीत. मालकाची अक्षरं पोटावर, ठसठशीत, वेलबुट्टीत कोरलेली असतात. बुडाशी सिंहाच्या शेजारी चौकटीत ठोकलेली अक्षरं करणाऱ्याची. बर्मिंगहॅमला त्या काळात हा छाप वापरणारं ठळक नाव म्हणजे ह्यूकिन अँड हीथ. पण त्यांचं नाव आत्ताच वहीत लिहू नका. दोन अक्षरांवर माणूस ओळखणं म्हणजे 'एस. पाटील' एवढ्यावर सांगलीत घर शोधणं. एकाच आद्याक्षराचे अनेक कारागीर असायचे, म्हणून प्रत्येकाला कचेरीत आपला ठसा चौकटीसकट नोंदवावा लागे. चौकट लांबट आहे की अंडाकृती, कोपरे छाटलेले आहेत का, मधे टिंबं आहेत का, हे सगळं त्या नोंदीत असतं. स्पष्ट फोटो काढून नोंदीतल्या चौकटीशी ताडून पाहा, जुळली तरच नाव लावा.

याच नावाबरोबर आणखी एक मोह येतो. क्रिस्टोफर ड्रेसर या प्रसिद्ध रचनाकाराने 1870 च्या दशकाच्या अखेरीपासून ह्यूकिन अँड हीथसाठी काही अप्रतिम भांडी रेखाटली, आणि त्यांना आज मोठी मागणी आहे. त्यामुळे त्या कारखान्याची कुठलीही किटली 'ड्रेसरची' म्हणून पुढे केली जाते. तो 1904 मध्येच वारला. तुमच्या सेटवर त्याचं नाव चिकटवून कोणी भाव सांगितला तर भुलू नका. आणि तो त्याचा नाही म्हणून कमीही लेखू नका.

छाप वाचण्याची माझी पद्धत सांगते. उन्हात किंवा डोक्यावरच्या दिव्याखाली छाप दिसत नाहीत, सगळं नुसतं चमकतं. खोली अंधारी करा, मोबाइलची बॅटरी अगदी आडवी, भांड्याला टेकल्यासारखी धरा आणि दुसऱ्या मोबाइलने फोटो घ्या. तिरप्या उजेडात झिजलेल्या सिंहाची पाठसुद्धा सावलीने उभी राहते. तरी नाही जमलं तर निरांजनाची काजळी एका पळीवर धरा, ती बोटाने छापावर अलगद लावा, वरवरची पुसून घ्या आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला. ती पांढऱ्या कागदावर चिकटवली की छाप कागदावर येतो. ज्योत मात्र भांड्याला लावायची नाही. दुधाच्या भांड्यावरचे छाप बहुधा जास्त झिजलेले असतील, कारण ते सर्वांत जास्त घासलं जातं.

दुसरी गोष्ट, किटलीच्या पोटावर जवळून 'हा' करून तोंडाची वाफ सोडा. वाफ धरताना आणि उडताना दोन-तीन सेकंद जे दिसतं ते एरवी दिसत नाही : जुना डाक (सांध्याचं झाळण), नंतर लावलेलं ठिगळ, खरवडून काढलेल्या नावाच्या रेषा. साहेबाची अक्षरं तिथे होती आणि पणजोबांनी किंवा आणखी कोणी ती घासून काढली, असं असेल तर वाफ सांगेल. अंगठा फिरवलात तर त्या जागी पत्रा जरा खोल आणि पातळही लागेल.

आणि घासू नका. रांगोळी, विभूती, दंतमंजन, टूथपेस्ट, यांतलं काहीही नको. रिठ्याचं कोमट पाणी आणि जुनं मऊ सुती फडकं पुरे. कोरीव कामाच्या खाचांत बसलेला काळसरपणा राहू द्या, त्यानेच नक्षी उठून दिसते. हे मी पुस्तकी सांगत नाही. एका पेढीवर मी उमेदवारी करत असताना एका आजींनी विकायला आणलेली डाव मी चमकवून दाखवायच्या उत्साहात ब्रशने आणि पावडरने इतकी घासली की वर्षाचं अक्षर, जे आधीच पुसट होतं, साफ गेलं. सिंह राहिला, राजाचं डोकं राहिलं, पण वर्ष गेलं. त्यानंतर ती डाव कोणी वाचू शकलं नाही, आणि अखेर ती वजनावर गेली. त्या आजी काही बोलल्या नाहीत. मला ती डाव अजून आठवते.

चमच्यांबद्दल थोडक्यात. ई पी एन एस म्हणजे विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा दिलेलं निकेल सिल्व्हर, आपल्या भाषेत जर्मन सिल्व्हर. त्यात तांबं, जस्त, निकेल असतं, चांदी नसतेच. ए वन हा मुलाम्याचा दर्जा. बर्मिंगहॅमच्याच एल्किंग्टन यांनी 1840 मध्ये या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर चांदीची झळाळी आली. ही चार अक्षरं पुष्कळदा वेगवेगळ्या चौकटींत, जुन्या वळणात ठोकतात, त्यामुळे लांबून ती हॉलमार्कसारखीच दिसतात. सिंह नाही म्हणजे बहुधा चांदी नाही, इंग्लंडच्या मालापुरती ही खूणगाठ बांधा. मशीनवर चमच्याचा टंच चांगला लागला तरी विश्वास ठेवू नका. मशीन वरचं कातडं वाचतं. चमच्याच्या पाठीवर, टेबलाला टेकणाऱ्या जागी, पिवळट दिसतं का पाहा. वापरायला मात्र ते उत्तम आहेत, खुशाल वापरा.

गुलाबदाणीवर छाप नाही म्हणून ती कमी प्रतीची, असं मुळीच नाही. आपल्याकडे इंग्रजांच्या काळातही चांदी तपासून सरकारी छाप मारणारी कचेरी नव्हती. चांदीच्या दागिन्या-भांड्यांचं हॉलमार्किंग भारतीय मानक ब्युरोने सुरू केलं ते 2005 मध्ये. त्याआधी विश्वास सोनाराच्या तोंडावर आणि कसोटीच्या दगडावर. कोणी छाप मारलाच तर स्वतःच्या नावाचा. कच्छच्या दरबाराचे उमरसी मावजी 'ओ एम' आणि खाली 'भुज' अशी इंग्रजी अक्षरं मारत. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्सचं नाव देवादिकांच्या मूर्तींच्या 'स्वामी' कामावर सापडतं. कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीने तर हत्ती आणि अक्षर अशा चौकटी ठोकून विलायती हॉलमार्कची ऐट आणली होती, पण त्यामागे कोणतीही तपासणी कचेरी नव्हती. पुण्यातही साहेबांसाठी चहाचे सेट घडवले जात, आणि हिराप्पा बुचेना हे नाव अशा पुणेरी कामावर आढळतं.

छाप नसेल तिथे हात आणि नक्षी वाचावी लागते. कच्छी काम असेल तर पानाफुलांची वेल जागा न सोडता भरलेली असते आणि तिच्यात मधेच हरीण, पक्षी, वाघ दडलेले असतात. काश्मिरी असेल तर चिनाराची पानं किंवा शालीवरची बारीक बुट्टी. गुलाबदाणीच्या फवाऱ्याचं टोपण आटे असलेलं आहे की नुसतं दाबून बसतं, बुडाला डाक कुठे दिला आहे, आतून ठोक्याच्या खुणा दिसतात का, हे कळवा. तिचा टंचही 91-92 लागला तर चकित होऊ नका. त्या काळचा रुपया बारा भागांत अकरा भाग चांदीचा होता आणि वजनाला बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम. गिऱ्हाईक रुपये मोजून देई आणि सोनार तेच आटवून वस्तू घडवी. 'रुपयाभार' हा शब्द आपल्या तोंडात उगाच नाही आला. तेव्हा तुमची गुलाबदाणी म्हणजे कदाचित कोणाच्या तरी पगाराचे मोजलेले रुपये असतील.

मोडावी का? माझं मत स्पष्ट आहे : नाही. 1904 चा बर्मिंगहॅमचा सेट दुर्मीळ नाही, त्यावर लाखो रुपये जास्तीचे मिळतील असं मी सांगणार नाही. पण मोडीत तुम्हाला काय मिळेल ते पाहा. एक किलोतून लाकडी मूठ वजा, उरलेल्याचे 92.5 टक्के, त्यात घट वजा, आणि नव्या ताटाला घडणावळ वर. एवढं करून मुलाच्या हातात येईल ते कोणत्याही दुकानात मिळणारं ताट. त्या बदल्यात जाईल ती घरातली एकमेव वस्तू, जिचं गाव, वर्ष आणि बहुधा कारखानासुद्धा आपल्याला सांगता येतो. भावाला खरोखर मुंजीसाठीच चांदी हवी असेल तर सेटचं वजन आणि टंच धरून त्याच्या वाट्याचे पैसे त्याला द्या आणि सेट तुम्ही ठेवा. भावाबहिणीत एवढा हिशेब उघडपणे केला तर पुढची कटुता टळते. मुंजीला वाटी-भांडं नवं घ्या, मानक ब्युरोचा छाप पाहून घ्या. मुंजमुलालाच तो छाप भिंगातून दाखवा आणि मग शेजारी किटलीवरचा सिंह दाखवा.

घरातलं कोणी परदेशी असेल आणि सेट तिकडे न्यायचा विचार असेल तर आधी थांबा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. बॅगेत घालण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा.

आता मला तिन्ही भांड्यांच्या बुडांचे फोटो पाठवा, आडव्या उजेडातले. तिन्हींवर तोच ई आहे का ते पाहायचं आहे, कारण असे सेट कधी कधी दोन-तीन ठिकाणचे जुळवलेले निघतात. आणि किटलीच्या झाकणाबद्दल तुमच्या पत्रात एक शब्दही नाही. ते उघडून आतली कड पाहा. तिथेही लहानसा सिंह असायला हवा. नसेल तर झाकण नंतर कोणी तरी बदललं आहे, आणि मग ते कुठे, कोणाकडून घडवून घेतलं, हे सांगणारं एखादं वडीलधारं माणूस आजोळी अजून असेल तर त्यांना याच आठवड्यात फोन करा.